सगळा भार एकट्या कुत्रीवर

पत्र: ‘नवऱ्याची दारू सुटून नऊ महिने झाले. या नऊ महिन्यांत तो आमच्या कुत्रीपासून हलत नाही. संध्याकाळी सहाला, पूर्वी जी ग्लास भरायची वेळ असायची, तो स्वयंपाकघरात फरशीवर बसतो आणि तिच्या मानेच्या केसांत बोटं घालून अर्धा तास तसाच राहतो. दोन महिन्यांपासून दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाणं बंद आहे. “मला हिच्याशी बोललं की पुरतं,” म्हणतो. माझ्याशी मात्र दिवसभरात चार वाक्यं. तीन आठवडे भारतात जायचं ठरत होतं, तर हिला सोडून येणार नाही म्हणाला. रागाच्या भरात मी बोलून गेले, “पुन्हा प्यायलास तर हिला देऊन टाकीन.” ती अकरा वर्षांची आहे. ती गेली तर हा परत पिईल का? आणि मला कुत्रीचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगू?’

ताई, हेवा वाटतो हे मला सांगितलंत, बरं केलंत. रात्र रात्र जागलात तुम्ही, त्यांच्या ऑफिसला खोटी कारणं कळवलीत तुम्ही, चारचौघांत सावरून घेतलंत तुम्ही, आणि आता माया सगळी कुत्रीच्या वाट्याला. दुखणारच. पण तुमच्याकडे बघितलं की त्यांना ती सगळी वर्षं आठवतात. कुत्रीने त्या वर्षांचा हिशेब ठेवलेला नाही. त्यात आपण परदेशात. इथल्या ओळखीच्यांना कळू नये म्हणून दार लावून घ्यायचं, तिकडच्यांना फोनवर ‘सगळं छान’ सांगायचं. मग ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागत नाही असा घरात एकच जीव उरतो.

तो फरशीवरचा अर्धा तास मोडू नका. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तुम्हाला ते नुसते बसलेले दिसतात. माझ्या मते ते रोज सहा वाजता ती लाट अंगावरून जाऊ देत असतात, आणि हाताला धरायला ती कुत्री आहे. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं २०१५ साली जपानी संशोधकांना आढळलं होतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या जवळिकीतही हेच संप्रेरक असतं. तेव्हा ‘कुत्र्याचे लाड’ म्हणून हे उडवून लावू नका.

मला काळजी वाटते ती बंद पडलेल्या मीटिंगची. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावातल्या एका हॉटेलात, नुकतीच दारू सोडलेल्या बिल विल्सनला पुन्हा प्यावंसं वाटू लागलं, तेव्हा त्याने फोनवर फोन करून आपल्यासारखाच दुसरा दारूडा शोधला. ते डॉक्टर बॉब स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरायची ही मीटिंगची चळवळ, उभी राहिली. त्याला उलट बोलणारा, स्वतः त्यातून गेलेला माणूस हवा होता. कुत्री सगळं ऐकून घेते. पण ‘आज आवाज असा का येतोय, खरं सांग’ असं ती विचारू शकत नाही. मनात पिण्याचा विचार घोळायला लागतो तेव्हा पहिल्यांदा स्वतःशीच खोटं बोललं जातं, आणि ते पकडायला माणूसच लागतो.

म्हणून मीटिंग सुरू व्हायला हवी, पण कुत्रीच्या बदल्यात नको. मीटिंग ऑनलाइनही असतात. कुत्री पायाशी बसलेली असताना त्यांनी पडद्यावर चार माणसांशी बोलावं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर ‘आता बरा आहे’ म्हणून त्या परस्पर बंद करू देऊ नका.

तुमचं ते वाक्य मात्र आजच मागे घ्या. ‘तिला देऊन टाकीन म्हणाले, ते चुकलं. ती कुठेही जाणार नाही.’ एवढंच, त्याला ‘पण’ जोडू नका. त्या धमकीने दारू अडत नाही. उद्या पाय घसरलाच, तर ते ती गोष्ट तुमच्यापासून लपवतील, एवढंच होईल.

तिकिटं काढायची घाई करू नका. आधी एक रात्र तिला विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, आणि त्या दिवशी सहाला काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. मग दोन रात्री, मग आठवडा. नाहीच जमलं तर यंदा तुम्ही एकट्या जाऊन या, पण त्या दिवसांत रोज त्यांच्या संपर्कात राहील असं एक माणूस आधी पक्कं करा.

ती गेली तर ते पितील का, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. एकुलता आधार सुटला की धोका वाढतो, हे खरं. अकरा म्हणजे कुत्र्याचं म्हातारपणच. तिची तपासणी करून घ्या आणि डॉक्टर काय म्हणतात ते त्यांच्यापासून दडवू नका. तिच्या आजारपणाबद्दल समुपदेशकाशी आत्ताच बोलायला सांगा. ती गेल्यावर ‘कुत्रंच तर होतं’ हे वाक्य घरात कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. आणि समजा ते पुन्हा प्यायला लागले, रोजचं पिणं सुरू झालं, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. त्याने झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

तुमचं काय, हे तुम्ही विचारलंच नाहीत. दारुड्यांच्या घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉन नावाचे मदतगट चालतात. तिथे कुत्रीच्या हेव्याबद्दल बोललात तर कुणी हसणार नाही.

संध्याकाळी ते तिला फिरवायला निघतील तेव्हा कधीतरी बरोबर जा. दारूचा विषय काढू नका, नुसत्या चाला. पट्टा अडकवायच्या खुंटीशेजारी एक कागद लावायला सांगा. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने तीन माणसांची नावं आणि फोन नंबर लिहायचे. तुमचं नाव त्यात नसलं तरी चालेल.