रेस इंजिनमध्ये हेड गॅस्केटच्या भोकांमुळे कूलंटच्या प्रवाहात खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि बराच. गॅस्केट म्हणजे ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा खालचा भाग) आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) यांच्यामधली पातळ चकती, पण ती फक्त सील करत नाही. कूलंटने (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाने) ब्लॉकमधून हेडमध्ये कुठून आणि किती चढायचं हे त्याची भोकं ठरवतात.

फोर्ड ३०२ विंडसर व्ही८ (दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेलं इंजिन) घ्या. पंप समोर, पण गॅस्केटमधली मोठी भोकं मागे. कूलंट आधी ब्लॉकमधून मागपर्यंत जातं, तिथून हेडमध्ये चढतं आणि हेडमधून पुढे थर्मोस्टॅटकडे (तापमानानुसार उघडणाऱ्या व्हॉल्व्हकडे) येतं. गॅस्केट उलटं बसलं की मोठी भोकं पुढे येतात. कूलंट पंपातून थेट वर चढून निघून जातं आणि मागचे ४ व ८ नंबरचे सिलिंडर तापतात. तापमानाचा सेन्सर बहुधा समोर असतो, त्यामुळे मागची गत काट्यावर नीट दिसत नाही. नॉकिंग (इंधन अवेळी पेटून येणारा ठोक्यांचा आवाज) सुरू झालं की कळतं, तोवर पिस्टन गेलेला असतो.

म्हणून ‘फ्रंट’ हा शब्द दोन्ही बाजूंना पंपाकडे ठेवा. हेड ठेवण्याआधी गॅस्केट ब्लॉकवर नुसतं मांडून एकेक भोक बघा.

पुढची बारीक भोकं वाफ आणि हवा निघण्यासाठी असतात. ‘फ्लो वाढेल’ म्हणून ती ड्रिलने मोठी करू नका, कूलंट थेट वर निघून जाण्याचा तोच शॉर्टकट तयार होतो. बुजवूही नका, वाफ अडली की तिथला धातू कोरडा तापतो.