विडंबन, विटंबना की विपर्यास?

चोपड्याच्या एका शिक्षिका विचारतात: नववीतल्या मुलीने महाभारतावर फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन स्वतः रचलेली कथा, लिहिली आहे. तिच्या कथेतली द्रौपदी गर्विष्ठ आणि कारस्थानी आहे. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असं म्हणून ती मुद्दाम युद्ध पेटवते. शिक्षकांच्या खोलीत कुणी याला विडंबन म्हणालं, कुणी विटंबना. नेमका शब्द कोणता?

ताई, दोन्ही नाहीत. इथे विपर्यास म्हणायला हवं, आणि त्याच्या जोडीला क्षेपक हा जुना शब्दही लागेल.

विडंबन आणि विटंबना या सख्ख्या बहिणी. दोघींचं मूळ संस्कृत ‘विडम्ब्’ या धातूत, म्हणजे नक्कल करणे. मराठीत मात्र त्यांची घरं वेगळी झाली. विडंबन हा साहित्यप्रकार झाला. मूळ कविता वाचकाच्या ओठांवर असेल तरच विडंबनात मजा येते, म्हणून विडंबनकार मूळ लपवत नाही, उलट त्याची सतत आठवण करून देतो. विटंबना मूर्तीची होते, प्रेताची होते. त्या शब्दात अपमानाचा हेतू गृहीत धरलेला असतो, आणि शाळकरी पोरीच्या वहीवर तो कुणी लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

विपर्यास म्हणजे उलटंपालटं करणं. यातला ‘अस्’ हा धातू ‘असणे’वाला नव्हे, फेकणे या अर्थाचा. क्षेपकातला ‘क्षिप्’सुद्धा फेकणेच. फरक असा, की विपर्यासात मुळातलीच गोष्ट उलटी टाकली जाते, तर क्षेपकात मुळात नसलेली गोष्ट आत टाकली जाते. पात्राने वेगळं वागणं म्हणजे विपर्यास नव्हे. कर्ण पांडवांकडे गेला असता तर, ही कल्पना कुणीही खुशाल लिहावी. पण कर्णाचं दातृत्वच काढून घेतलं आणि तरी त्याला कर्ण म्हटलं, तर विपर्यास झाला. फॅन फिक्शन लिहिणारी मुलं अशा वागण्याला ‘ओओसी’ म्हणतात, पात्राच्या स्वभावाबाहेरचं. बरीच जण तशी सूचना कथेच्या माथ्यावरच देतात, आणि तो प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

क्षेपकाचा धोका त्याहून मोठा, कारण तिथे माथ्यावर सूचना नसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तिच्यात पाठभेद आणि भर शिरलेली होती. ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्याने ‘अमृताचे ताटीं जाण नरोटी ठेविली’ असं त्यांनी शेवटी बजावलं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. हेच नाथ भावार्थ रामायणात रामकथा स्वतःच्या शब्दांत, मनमोकळी भर घालत सांगतात. ते रामायण पुरं होण्याआधी नाथ गेले आणि युद्धकांडाच्या मधूनच पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने लिहिला, असं परंपरा मानते. आवडत्या कथेला आपल्या नावाने पुढे नेण्याला नाथांची हरकत नव्हती. दुसऱ्याच्या ओव्यांत आपली ओवी मिसळून ती त्याचीच म्हणून चालवण्याला होती.

हे आपल्या खान्देशात आज नेमकं कुणाच्या बाबतीत घडतंय, ते सांगायलाच हवं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. म्हणजे आपल्या हाती एवढाच ठेवा आहे. तरी व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावाने कुणाच्याही सुविचारवजा ओळी फिरतात. त्यांच्या खऱ्या ओळींतला ‘मियते’ हा शब्द तर सर्रास ‘मिळते’ असा ‘दुरुस्त’ केला जातो. आपल्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. तो ‘य’ काढला की चुलीजवळची ती बाईच ओळीतून निघून जाते. हा क्षेपकही आहे आणि विपर्यासही, आणि करणारे सगळे त्यांचे भक्त आहेत. प्रेम असलं म्हणजे मुळाला धक्का लागत नाही, असं नाही.

आता तुमच्या विद्यार्थिनीकडे येतो. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य द्रौपदी महाभारतात बोलतच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ते कुठेही नाही. मयसभेत दुर्योधनाची फजिती होते, आणि द्रौपदी इतर स्त्रियांसह आपल्याला हसली हे नंतर धृतराष्ट्राला सांगतो तो स्वतः दुर्योधन. जळफळलेल्या माणसाच्या तोंडची ही तक्रार. पुढे कथा सांगणाऱ्यांनी त्यात टोमणा घातला, पडद्याने तो घरोघर नेला, आणि भर सभेत जिची वस्त्रं ओढली गेली तिलाच युद्धाचं कारण ठरवून आपण मोकळे झालो. मला या गोष्टीचा राग येतो.

तेव्हा विपर्यास मुलीने केलेला नाही, तिच्या हाती तो तयारच आला. तिची कथा क्षेपकावर उभी आहे, आणि ते तिला कुणी सांगितलेलं नाही. शेरा द्यायचाच तर असा द्या: ‘हे वाक्य व्यासांचं नाही. सभापर्वातला द्यूताचा प्रसंग वाच. द्रौपदी सभेला विचारते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला? त्या प्रश्नापासून तुझी कथा पुन्हा लिही.’

फॅन फिक्शनला चाहतेलेखन वगैरे प्रतिशब्द सुचवले जातात. मी फॅन फिक्शनच म्हणतो. मुलांना तोच शब्द कळतो.