प्लाझ्माची पीएचडी: ये, पण हे करून ये

माटुंग्याच्या आयसीटीतून (रसायन तंत्रज्ञान संस्थेतून) एमटेक, कॅटॅलिसिसमध्ये म्हणजे उत्प्रेरकांच्या कामात हात बसलेला, नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनची पीएचडीची ऑफर हातात आणि प्लाझ्माची, म्हणजे विजेने भारित झालेल्या वायूची, ओळख शून्य, तर यावं का, असं तू विचारलंस. ये. सहा वर्षांपूर्वी मीही दादरहून अशीच आले.

नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे नोकरीच: चार वर्षांचा करार, पगार, मे महिन्यात ८ टक्के सुट्टीभत्ता. खोली मात्र सहजी मिळत नाही. घरमालक त्या पत्त्यावर पालिकेत नाव नोंदवू देतो ना, ते आधी विचार. वॉर्ड ऑफिसातून जन्मदाखला काढून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, भारतातूनच करून आण, नाहीतर ते आईबाबांच्या गळ्यात पडतं.

आता कामाचं. पावसात लोकलच्या पेंटोग्राफवर उडते ती ठिणगी धातू वितळवणारी. आपला प्लाझ्मा तसा नाही. क्वार्ट्झच्या नळीत कॅटॅलिस्टचे दाणे, मधोमध धातूचा दांडा, बाहेरून जाळी आणि काही किलोव्होल्ट एसी. इलेक्ट्रॉन दहा हजार अंशांच्या वर, वायू त्यामानाने थंडच. अमोनियासाठी हाबर-बॉशला, म्हणजे कारखान्यातल्या नेहमीच्या पद्धतीला, ४००-५०० अंश आणि शंभरावर वातावरणांचा दाब लागतो. इथे साध्या दाबावर होतो. पण विजेच्या हिशोबात अजून आपण फार मागे आहोत, आणि मुलाखतीत हे कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून मला प्लाझ्माने कॅटॅलिस्टचे पदार्थ घडवण्याची बाजू जास्त पटते. कोबाल्ट ऑक्साइडला आर्गॉन प्लाझ्मा दिला की पृष्ठभागावरचे ऑक्सिजन अणू निघून रिकाम्या जागा राहतात, आणि इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रात, ऑक्सिजन सोडायला व्होल्टेज कमी पुरतं. भट्टी नाही, काही नाही.

माझी फजितीही ऐक. निकेलवर कार्बन डायऑक्साइडचं मिथेन भरघोस निघालं, मी घरी फोनसुद्धा केला. मीटिंगमध्ये एकाने विचारलं, दाण्यांचं तापमान किती? हाय व्होल्टेजमध्ये साधा थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूची तार) चालत नाही, म्हणून ऑप्टिकल फायबरचा सेन्सर घातला: २६० अंश! प्लाझ्मा बंद करून हीटरने तेवढंच तापवलं, तर मिथेन जवळपास तितकंच. तीन महिने खपून मी एक महागडा हीटर बनवला होता.

तेव्हा निघायच्या आधी कुणा इलेक्ट्रिकलवाल्याला धर आणि ऑसिलोस्कोपवर चार्ज-व्होल्टेजचा लिसाजू आलेख काढायला शीक. त्याचं क्षेत्रफळ गुणिले फ्रिक्वेन्सी म्हणजे प्लाझ्मात गेलेली पॉवर. भिंतीवरच्या मीटरचा आकडा नव्हे. आणि सही करण्याआधी सरांना विचार, दाण्यांचं तापमान कसं मोजता? घुटमळले तर मला कळव, अँटवर्प विद्यापीठातही या विषयाचा मोठा ग्रुप आहे.