१९८१ मध्ये मेलबर्नला गावसकर चौहानना घेऊन मैदान सोडून निघाले, ते देशाच्या मानासाठी योग्य होतं का?

राग पूर्णपणे समजतो, पण निर्णय चुकीचा होता. गावसकर माझे सर्वांत आवडते फलंदाज आहेत, तरी हेच म्हणेन.

आधी प्रसंग थोडक्यात. १० फेब्रुवारी १९८१, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीचा चौथा दिवस. मालिकेत आपण ०-१ ने मागे, पहिल्या डावात १८२ धावांची पिछाडी. कर्णधार गावसकर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली. गावसकर ७० वर असताना वेगवान गोलंदाज लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी त्यांना पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं गावसकरांचं म्हणणं. तरीही ते परत निघाले होते. वाटेत ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडून 'चालता हो' अशा अर्थाचे शब्द कानावर आले आणि त्यांचा तोल गेला, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. मागे वळून त्यांनी चौहानना सोबत घेतलं.

म्हणजे पंचांचा निर्णय हे अर्धंच कारण. खरी ठिणगी अपमानाची होती, आणि परदेशात, परक्या प्रेक्षकांसमोर, कर्णधाराला तो अपमान एकट्याचा वाटत नाही. इथवर मी त्यांच्या बाजूचा आहे.

पण सामना सोडून देण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुर्राणी सीमारेषेपर्यंत आले आणि त्यांनी चौहानना परत पाठवलं. गावसकरांच्या जागी वेंगसरकर आत गेले. या गोष्टीत दुर्राणींचं नाव फारच कमी घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण पुढे जे घडलं ते सगळं त्यामुळे घडू शकलं. चौहाननी ८५ केल्या, ऑस्ट्रेलियापुढे १४३ चं लक्ष्य राहिलं. त्या संध्याकाळी घावरींनी ग्रेग चॅपेलचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. नऊच दिवसांपूर्वी याच मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू भावाला सरपटी टाकायला लावणारा हाच तो कर्णधार! पाचव्या दिवशी मांडीचा स्नायू दुखावलेले कपिल देव गोलंदाजीला आले आणि २८ धावांत ५ बळी घेऊन गेले. दिलीप दोशी पायाचं हाड मोडलेलं असताना टाकत होते. ऑस्ट्रेलिया सर्वबाद ८३, आपण ५९ धावांनी जिंकलो. ऑस्ट्रेलियात मालिका न हरण्याची आपली ती पहिलीच वेळ. मला अभिमान वाटतो तो या पाचव्या दिवसाचा.

उलट काय झालं असतं, ते २००६ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर, इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत दिसलं. चेंडू कुरतडल्याच्या आरोपावरून पंचांनी इंग्लंडला पाच धावा दिल्या. चहापानानंतर पाकिस्तानचा संघ निषेध म्हणून वेळेवर मैदानात उतरला नाही आणि सामना इंग्लंडला बहाल झाला. पुढे चौकशीत पाकिस्तानचा कर्णधार इंझमाम त्या आरोपातून सुटलाही, पण खेळाची बदनामी केल्याबद्दल चार एकदिवसीय सामन्यांची बंदी त्याच्या वाट्याला आलीच. तो सामना पाकिस्तानच्या हातात होता, आणि नोंद मात्र आजही पराभवाची आहे. चौहान सीमारेषेच्या बाहेर पडले असते, तर मेलबर्नलाही असाच निकाल लागू शकला असता.