नदीकाठी भराव पडत असेल तर...

प्रश्न : आम्ही नाशिकमध्ये सोमेश्वर धबधब्याच्या परिसरात राहतो. गोदावरीचा हा खडकाळ काठ आम्हांला फार प्रिय आहे. मात्र अलीकडे रात्री डंपर येऊन तेथे भराव टाकतात. जागा खासगी असल्यास हरकत घेता येते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य घेता येते, कारण सातबारा कोणाच्याही नावावर असला तरी पूररेषेचे बंधन सुटत नाही. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने दाखवली जाते. निळ्या रेषेच्या आतील पट्टा निषिद्ध, तर दोन रेषांमधील नियंत्रित असतो. भरावामुळे पात्र आवळले जाते आणि पुराचे पाणी समोरच्या काठावर चढते. सप्टेंबर २००८चा पूर पाहिलेल्या, नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा नुसते भावनिक निवेदन देण्याऐवजी जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा आणि महापालिकेकडून त्या जमिनीच्या गट क्रमांकासाठी दिलेल्या परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागवावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्यातील खंडपीठ आहे, परंतु या न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम १४ खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. म्हणून भरावाची छायाचित्रे आजपासूनच तारखेसह जपून ठेवावीत.