हिब्रू न कळणाऱ्या प्रेक्षकांसाठी

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

कम्युनिटी सेंटरच्या समितीने वर्षभराच्या इस्रायली चित्रपटांचं काम तुझ्याकडे सोपवलं, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. चित्रपटांच्या यादीपासून करू नकोस. समोर कोण बसणार आहे, ते आधी डोळ्यांपुढे आण. न्यू जर्सीतल्या त्या सभागृहात इस्रायलमध्ये वाढलेली माणसं येतील, प्रार्थनेपुरतं हिब्रू येणारे अमेरिकी ज्यू येतील, आपली बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळी येतील आणि निव्वळ सिनेमाच्या ओढीने आलेले शेजारीही येतील. यांतल्या पहिल्या गटाला आवाज खरखरला, अक्षरं कापली गेली तरी गोष्ट कळते. बाकीच्यांच्या हातात सबटायटल्सशिवाय काही नसतं. म्हणून प्रत्येक निर्णय या बाकीच्यांकडे बघून घे. हिब्रू येणारे आधी हसतील आणि बाकीचे सेकंदभराने हसतील, तेवढं चालतं. पण एक अर्धं सभागृह हसतंय आणि दुसरं अर्धं एकमेकांकडे बघतंय, असं झालं तर काम फसलं.

निवडीबद्दल थोडक्यात सांगते. ओफिर या इस्रायली चित्रपट पुरस्कारांची नामांकनं, जेरुसलेम आणि हैफा इथले महोत्सव आणि माहितीपटांसाठी तेल अवीवचा डोकाव्हिव्ह, एवढ्यांच्या गेल्या काही वर्षांच्या याद्या चाळल्यास तरी भरपूर हाती लागेल. अगदी नव्या चित्रपटाच्या मागे लागू नकोस. तो शहरातल्या मोठ्या ज्यू चित्रपट महोत्सवाला आधी हवा असतो आणि तोवर वितरक तुला देत नाही. दोन-तीन वर्षं जुना चित्रपट सहज मिळतो, फीसुद्धा कमी पडते. वर्षाला पाच-सहा पुरेत, त्यांत युद्धावरचा एखादाच असू दे. इस्रायली चित्रपट म्हणजे हिब्रू चित्रपट, असंही धरून चालू नकोस. २००१ सालचा ‘लेट मॅरेज’ बराचसा जॉर्जियन भाषेत आहे, २००९ चा ‘अजामी’ अरबी आणि हिब्रूत. आपल्या माणसांना बोलवायचं असेल तर अवी नेशेर यांचा २००४ चा ‘टर्न लेफ्ट अॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’ जरूर लाव. नेगेवच्या वाळवंटातल्या एका वसाहतीत मुंबईहून आलेलं कुटुंब आणि मोरोक्कोहून आलेलं कुटुंब शेजारी राहायला येतात, अशी गोष्ट आहे, आणि त्यात क्रिकेटचा सामनाही आहे. त्याच नेगेवमधल्या दिमोना किंवा बेरशेवाला नातेवाईक असलेले कितीतरी जण तुझ्या गावात असतील. त्यांना नुसतं बोलावू नकोस, चर्चेत बोलायला पुढे बसव.

आता हक्क. विकत घेतलेली डीव्हीडी किंवा नेटफ्लिक्सचं सदस्यत्व घरात बघण्यापुरतं असतं. सभागृहात लावायचं तर जाहीर प्रदर्शनाची परवानगी लागते, मग तिकीट असो वा नसो. आधी अमेरिकेतला वितरक शोध. तो नसेल तर चित्रपटाचा परदेशी विक्री प्रतिनिधी, तोही नसेल तर थेट निर्माता. माहितीपटांचे हक्क बऱ्याचदा जेरुसलेम किंवा तेल अवीवमधल्या वितरण संस्थांकडेच असतात आणि त्या लहान संस्थांनाही उत्तर देतात. पहिल्याच पत्रात तारीख, सभागृहाचा पत्ता, खुर्च्या किती, तिकीट किती, खेळ किती आणि प्रवेश सर्वांना की फक्त सभासदांना, हे सगळं लिही. हे न लिहिता नुसतं ‘फी किती’ विचारलंस की चार पत्रांची ये-जा होते आणि त्यात पंधरवडा जातो. फी ठोक असते, नाहीतर ‘किमान एवढी रक्कम किंवा तिकीटविक्रीचा अमुक टक्के हिस्सा, यातलं जे जास्त असेल ते’ अशी. दोन्ही आकडे मागून घे. निवडीसाठी पाठवलेली पासवर्डची लिंक फक्त तुझ्या बघण्यासाठी असते, ती पडद्यावर लावायची नाही. हे सगळं आठ-दहा आठवडे आधी सुरू कर आणि लेखी होकार येईपर्यंत जाहिरात करू नकोस.

प्रत आणि सबटायटल्स इथे मात्र मी तुला थांबवणार आहे, कारण खेळ बहुतेक वेळा इथेच बिघडतात.

इस्रायलमध्ये प्रदर्शित झालेल्या प्रतीत अरबी, रशियन किंवा अम्हारिक (इथिओपियातल्या भाषेतल्या) संवादांखाली हिब्रू सबटायटल्स चित्रातच छापलेली असू शकतात. तुझ्याकडे चुकून तीच प्रत आली तर इंग्रजी ओळी नेमक्या त्यांच्यावर येऊन बसतात आणि दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणून मागतानाच स्पष्ट लिही: चित्रात हिब्रू अक्षरं नसलेली प्रत हवी आणि सगळ्या भाषांतल्या संवादांना इंग्रजी सबटायटल्स हवीत. नुसतं ‘इंग्रजी सबटायटल्ससह’ लिहिलंस तर कधी फक्त हिब्रू संवादांचीच येतात.

दुसरी गोष्ट गतीची. इस्रायलमधलं टीव्हीसाठीचं काम, विशेषतः माहितीपट, सेकंदाला २५ फ्रेम्सचं असतं. अमेरिकेतली फाइल बहुधा २३.९७६ ची असते. चित्र एका गतीचं आणि सबटायटल्सची फाइल दुसऱ्या गतीची असली, तर सुरुवातीला सगळं जुळल्यासारखं दिसतं, दहाव्या मिनिटाला साधारण २५ सेकंदांचा फरक पडतो आणि शंभराव्या मिनिटाला चार मिनिटांहून जास्त. म्हणून पहिली पाच मिनिटं बघून ‘चालतंय’ म्हणू नकोस. पाचव्या, पन्नासाव्या आणि शेवटच्या मिनिटाला तपास. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर सगळ्या ओळी तेवढ्या पुढे-मागे सरकवल्या की झालं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमची गती बदलावी लागेल. ‘सबटायटल एडिट’ हा मोफत प्रोग्रॅम दोन्ही करतो. मात्र ओळींच्या मजकुराला हात लावायचा असेल तर आधी वितरकाला विचार.

डीव्हीडीवर जगाच्या भागानुसार रीजनचं कुलूप असतं आणि टीव्हीची पद्धतही वेगळी असते. इस्रायलहून आलेली डीव्हीडी रीजन २ आणि पाल पद्धतीची असते, अमेरिकेतल्या साध्या प्लेयरवर ती चालत नाही. ब्लू-रेचं तसंच, तिकडची रीजन बी, तुमच्याकडची ए. त्यापेक्षा फाइल माग: १०८० पी, सेकंदाला २० मेगाबिटच्या आसपास. शंभर मिनिटांची फाइल साधारण १५ जीबी होते, ती आदल्या रात्री उतरवून घ्यायला बसू नकोस. मुख्य म्हणजे सभागृहात इंटरनेटवरून थेट लावायचं नाही, फाइल लॅपटॉपवर हवी आणि दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर.

खऱ्या थिएटरात खेळ असेल तर डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, येईल आणि बहुतेक वेळा कुलूपबंद येईल. त्याची किल्ली, म्हणजे केडीएम, त्या थिएटरच्या एका विशिष्ट सर्व्हरपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते. प्रोजेक्शनिस्टकडून सर्व्हरची माहिती घेऊन वितरकाला वेळेत पाठव. किल्ली आली की मुदत कुठल्या वेळेप्रमाणे लिहिली आहे ते बघ. रविवारी संध्याकाळी सातचा खेळ आहे आणि किल्ली इस्रायलच्या वेळेप्रमाणे रविवारी मध्यरात्री संपतेय, तर तुमच्याकडे ती पाच वाजताच बंद पडलेली असेल. चाचणीचा दिवस आणि खेळानंतरचा एक दिवस, दोन्ही मुदतीत माग.

आवाजात एक फसवी चूक होते. फाइलचा आवाज ५.१ चा, म्हणजे सहा वाहिन्यांचा, असतो आणि लॅपटॉप फक्त डावं-उजवं बाहेर पाठवतो. संवाद मधल्या वाहिनीत असतात, त्यामुळे संगीत आणि रहदारी दणदणीत ऐकू येते आणि माणसं मात्र पुटपुटताना दिसतात. आवाज वाढवून हे सुटत नाही. प्लेयरमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स निवड, म्हणजे सगळ्या वाहिन्या डाव्या-उजव्यात मिसळतात, नाहीतर वितरकाकडून स्टिरिओ ट्रॅक माग.

सभागृहाची जमीन सपाट असेल तर पडद्याची उंची हाच कळीचा मुद्दा. खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं साधारण १.२ ते १.३ मीटरवर येतं आणि सबटायटल्स चित्राच्या अगदी तळाशी असतात. चित्राची खालची कड जमिनीपासून निदान १.३ मीटर वर हवी. छत ३ मीटरचं असेल तर वर थोडी जागा सोडून चित्राला १.६ मीटर उंची उरते, म्हणजे १६:९ प्रमाणात रुंदी पावणेतीन मीटरच्या थोडी वर. पडदा याहून मोठा मिळतोय म्हणून खाली उतरवू नकोस, लहान आणि उंच चित्र चांगलं. खुर्च्या अशा मांड की मागची खुर्ची पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध येईल. एवढ्या चित्राला पूर्ण अंधारात ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पडद्यांतून उजेड येत असेल तर ५००० चा आण. एचडीएमआयची साधी केबल १० मीटरच्या पुढे भरवशाची नाही, लांब न्यायची असेल तर ऑप्टिकल घे. सगळं मांडून झालं की दिवे लावलेले असताना नव्हे, अंधार करून शेवटच्या रांगेत खाली बस आणि दोन मिनिटं सबटायटल्स वाच. तुझे प्रेक्षक बरेचसे सत्तरीच्या पुढचे असतील, त्यांच्या डोळ्यांनी वाच.

तारीख ठरवताना ज्यू दिनदर्शिका जवळ ठेव. शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. डिसेंबरात तुमच्याकडे तो शनिवारी साडेपाचच्या सुमारास संपतो, तेव्हा शनिवारी साडेसातचा खेळ छान जमतो. जूनमध्ये तो सव्वानऊ-साडेनऊपर्यंत संपत नाही, म्हणून उन्हाळ्यात रविवार दुपार धर. पेसाह ते शावुओथ या दोन सणांच्या मधल्या ओमेरच्या दिवसांत आणि तिशा बेआव या शोकाच्या उपवासापर्यंतच्या नऊ दिवसांत बरेच जण करमणूक टाळतात. योम हाझिकारोन हा इस्रायलचा स्मृतिदिन स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी येतो आणि आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. त्या संध्याकाळी विनोदी चित्रपट लावलास तर ज्यांच्या घरचं माणूस गेलं आहे त्यांना लागेल. खाण्याचं सोपं ठेव: फळं आणि कोशेरचा, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसतं असा, शिक्का असलेली बंद पाकिटं. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, तो प्रश्नच येऊ देऊ नकोस.

खेळाआधीचं बोलणं चार मिनिटांच्या आत. त्यात दिग्दर्शकाचे पुरस्कार मोजत बसू नकोस, गोष्ट कळायला जे लागतं तेवढंच सांग. २०१४ चा ‘गेट’ लावणार असशील तर हे सांगावंच लागेल की इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, न्यायालयाच्या अखत्यारीत आहेत आणि नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला गेट, म्हणजे घटस्फोटाचा लेख, मिळत नाही. हे माहीत नसलेला माणूस पहिला अर्धा तास ‘ती सरळ निघून का जात नाही’ एवढाच विचार करत बसतो. २००७ च्या ‘द बँड्स व्हिजिट’मध्ये इजिप्तचे पोलीस वादक आणि वाळवंटातल्या गावचे लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांना समजून घेतात. कोण कधी अरबी बोलतंय, कधी हिब्रू, कधी इंग्रजी याकडे कान ठेवा, असं आधी सांगितलंस की हिब्रू न येणाऱ्यालाही निम्मी गंमत हाती लागते. त्यात इंग्रजी इतकं आहे की परदेशी भाषेतल्या ऑस्करसाठी तो बाद ठरला.

दिग्दर्शकाला व्हिडिओवर बोलवायचं असेल तर घड्याळ बघ. इस्रायल तुमच्या ७ तास पुढे आहे. संध्याकाळी सातचा खेळ संपून चर्चा सुरू होईल तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजलेले असतील. रविवारी दुपारी एकला खेळ ठेव, पावणेतीनला गप्पा सुरू झाल्या तर तिकडे पावणेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावरचा एक आठवडा हा फरक ६ तासांचा होतो, कारण दोन्हीकडची घड्याळं वेगवेगळ्या दिवशी बदलतात.

आणि एक गोष्ट त्याला किंवा तिला आधीच विचार: तुमच्या चित्रपटाची ओळख कशी करून देऊ? ‘अजामी’चे एक दिग्दर्शक स्कंदर कोप्टी यांनी २०१० च्या ऑस्करच्या वेळी, आपण इस्रायलचं प्रतिनिधित्व करत नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं. अरब कलावंतांना आणि सरकारवर टीका करणाऱ्या ज्यू दिग्दर्शकांनाही भित्तिपत्रकावरचा एखादा शब्द किंवा झेंडा खटकू शकतो. चित्रपट देशाची जाहिरात करायला आणलेला नाही आणि देशावर खटला चालवायलाही नाही. समितीतलं कुणी यातल्या एका बाजूला ओढू लागलं तर तू ठाम राहा. दिग्दर्शकाचं काम दिग्दर्शकाच्या शब्दांत मांड.

चर्चा वीस-पंचवीस मिनिटांची पुरे. ऑक्टोबर २०२३ मधला हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझातलं युद्ध यांमुळे या विषयावर माणसं दुखावलेली आहेत, सगळ्या बाजूंची. प्रश्न चिठ्ठ्यांवर घे. ध्वनिक्षेपक फिरवायचा असेल तर तो स्वयंसेवकाच्याच हातात राहू दे, प्रश्नकर्त्याकडे देऊ नकोस. पहिला प्रश्न चित्रपटातल्या एखाद्या प्रसंगावरचा घे, म्हणजे बोलणं पडद्यावर दिसलेल्या माणसांना धरून राहतं. निदर्शनं होण्याची शक्यता वाटली तर पोलिसांना आठवडाभर आधी कळव, पिशव्यांची तपासणी दारातच ठेव आणि तसं तिकिटावर लिही, म्हणजे कुणी चपापत नाही. नाममात्र का होईना, तिकीट ठेव. फुकटच्या नोंदणीवर नावं भरपूर येतात आणि खुर्च्या रिकाम्या राहतात.

खेळ झाला की आठवड्याच्या आत वितरकाला प्रेक्षकसंख्या कळव, फी भर, ड्राइव्ह परत पाठव आणि लॅपटॉपवरची फाइल पुसून टाक. सोबत प्रेक्षकांनी विचारलेले चार-पाच प्रश्नही लिहून पाठव. पुढच्या वेळी चित्रपट मागशील तेव्हा त्यांना तू आठवशील.

आता तुझ्याकडून मला हवंय ते सभागृहाचं माप: लांबी, रुंदी, छताची उंची, खिडक्या कुठल्या बाजूला आहेत आणि व्यासपीठ आहे का. त्यावरून पडदा कुठे टांगायचा आणि किती रांगा लावायच्या ते काढून पाठवते.

कळावे, लोभ असावा.
तुझी मावशी