रविवार आधीच सांगून ठेव

बाळा, वेबसाईट बनवायचं पहिलं काम मिळालंय तर ऐक. रविवारची सकाळ तुझी नाही, हे क्लायंटला ॲडव्हान्स घेतानाच सांग. मी सुरुवातीला गप्प बसलो. मग ठाण्यात तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना खिशात मोबाईल थरथरायचा आणि माझं लक्ष वेदीवर नाही, कुणाच्या तरी बॅनरच्या रंगावर. आता आधीच सांगतो. त्यापायी आजवर एकही काम गेलं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं छान दिसतात, पण माझ्या आईला ती वाचता येत नाहीत. साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान 4.5:1 ठेव. फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, लिही. अंध माणसाला स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो. क्लायंट हे बहुतेक तपासत नाही, तरी कर. प्रभू येशू सुतार होता. टेबलाची खालची, कुणाला न दिसणारी बाजूही त्याने नीट तासली असणार, असं मला मनापासून वाटतं.

पॅरिशची, म्हणजे आपल्या चर्चची, साईट फुकट करशीलच, कर. मात्र डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, पॅरिशच्याच नावावर घे आणि पासवर्ड कागदावर लिहून फादरांच्या हातात दे.